वरंधा घाट बंद असतो, तेव्हा तो नेमका कुणासाठी बंद असतो?

गेल्या रविवारी आम्ही चौघं मित्र सकाळी पुण्यातून निघालो. भोर, तिथून वरंधा घाट उतरून महाड, आणि अंधार पडायच्या आत त्याच रस्त्याने परत. फोटो टाकल्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "रस्ता कसा आहे?" म्हणलं एकदाच नीट लिहावं. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

निघताना आम्ही एक नियम केला होता. हायवेवरच्या फूड मॉलमध्ये पाय ठेवायचा नाही. नाष्टा, चहा, जेवण, जे काय असेल ते रस्त्यावरच्या गावातच. याचं कारण आमच्यातले मास्तर. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत आणि त्यांचं कायमचं म्हणणं असं, की पुण्याची माणसं गावाकडं फिरायला जातात तेव्हा डबा घरचा, पाणी बिसलेरीचं, पेट्रोल हायवेचं, आणि गावात ठेवून येतात फक्त कचरा. बोलणं झोंबतं, पण खोटं नाही.

खेड शिवापूरचा टोल भरून पुढं कापूरहोळला हायवे सोडला की गाडीतला आवाजच बदलतो. दिवाळी झालेली, भातकापणी निम्मी उरकलेली. शेतात उडव्या रचलेल्या, कुठं झोडणी चाललेली. काचा खाली केल्या तर ओल्या पेंढ्याचा वास आत येत होता. भोरला स्टँडजवळ मिसळ खाल्ली. राजवाडा बाहेरूनच पाहिला, तो सिनेमांत सगळ्यांनीच बघितलेला आहे. पंत सचिवांच्या संस्थानचं हे गाव. बाजारपेठ अजून जुन्या वळणाची आहे. एका दुकानातून प्रत्येकाने पाच-पाच किलो इंद्रायणी घेतला. दुकानदार म्हणाले, "पावसाळ्यात खालचं गिऱ्हाईक बंद होतं." खालचं म्हणजे कोकणातलं. तेव्हा मी ते वाक्य तेवढं मनावर घेतलं नाही.

भोर सोडलं की महाडचा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेने जातो. पाणी काठोकाठ, समोर डोंगर. फोटोला झकास. पण पाण्याच्या बाजूला दर थोड्या अंतराने प्लॉटच्या पाट्या: लेक व्ह्यू, हिल व्ह्यू, बुकिंग चालू. तारेचं कुंपण, लोखंडी गेट, आत एखादं रिकामं सिक्युरिटीचं खोपटं. एका ठिकाणी तर जुनी गाडीवाट सरळ गेटच्या आत गेलेली दिसली. इथलं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली फलटण, माळशिरस, बारामती, इंदापूरकडे जातं. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांच्या उरलेल्या जमिनींवर आता ह्या पाट्या. हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर परत कधीतरी.

शिरगावच्या अलीकडे एका फाट्यावर एक आज्जी हात करत उभ्या होत्या. शिरगाव म्हणजे जिथं नीरा उगम पावते ते. सोबत दोन पिशव्या आणि एक गाठोडं. गाडी थांबवली. "खाली वरंधपर्यंत सोडता का दादा? एसटीचा काय नेम न्हाई रविवारचा." आम्ही मागं दाटीवाटीने बसलो आणि आज्जींना खिडकीजवळची जागा दिली. गाठोड्यात नाचणी होती, हातसडीचा तांदूळ होता, आणि स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू. लेक खाली कोकणात दिलेली. लेकीला बाळ झालेलं.

"किती महिन्यांचं आहे बाळ?" मास्तरांनी विचारलं.

"चार व्हतील आता. मी दसऱ्याला पयल्यांदा बघितलं."

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पाऊस लागायच्या आत लेकीला वर आणायचं ठरलं होतं. लावणीच्या गडबडीत दोन-चार दिवस पुढं ढकललं आणि तेवढ्यात घाट बंद झाला. लेक आठव्या महिन्यात, खाली. आई वर. दोन्ही घरांतलं अंतर फार तर पंचवीस-तीस किलोमीटर.

"मग दुसऱ्या रस्त्याने नाही का आणता आली?" हे मी विचारलं. विचारल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

दुसरा रस्ता म्हणजे काय, तर वरंधहून महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पाचगणी, वाई, मांढरदेवीचा घाट, भोर, आणि भोरहून परत इतकं आत. दीडशे किलोमीटरच्या वर. त्यात आंबेनळी घाटही त्याच पावसात असतो, तिथंही दरडी येतात. जीपवाल्याने सात हजार सांगितले. आज्जी म्हणाल्या, "पैशाचं केलं असतं कायतरी. पन दोन जिवाची बाई, चार घाटांची वळणं... जावई म्हनला नगं."

मग म्हणाल्या, "मोटारसायकलवाले जात्यात की त्या डरमाच्या फटीतनं. गडी मानसं जात्यात. पन तिला त्या फटीतनं कसं आनायचं?"

गाडीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अलीकडच्या काही वर्षांत वरंधा घाट पावसाळ्यात अवजड वाहनांना पूर्ण बंद असतो, आणि हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल त्या दिवशी सगळ्याच वाहनांना बंद. कागदावर असं आहे. प्रत्यक्षात अलर्ट उठला तरी बॅरिकेड उठतंच असं नाही, आणि कधी उठलं हे वरच्या-खालच्या गावांना कळायची काही ठाम व्यवस्था नाही. व्हॉट्सॲपवर जुना आदेश फिरत राहतो. एसटी बंद, वडाप बंद. अशा बंदीचा अधिकार मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 मध्ये आहे. ते कलम वाहनांवर बंदी घालू देतं. बंदीच्या काळात माणसांनी कसं जायचं, याबद्दल त्यात काही नाही. आदेशात पर्यायी मार्ग म्हणून ताम्हिणी आणि आंबेनळी लिहिलेले असतात. पुण्याहून महाडला जाणाऱ्याला तो पर्याय आहेच. माथ्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांना तो पर्याय नाही, पण आदेशात दोघं एकाच ओळीत.

आता आमच्यातल्याच बँकवाल्या मित्राने जो मुद्दा काढला, तो बाजूला टाकता येत नाही. तो म्हणाला, "घाट चालू ठेवला आणि एसटीवर दरड पडली, तर प्रशासनाच्या नावाने पहिली पोस्ट तूच लिहिशील." खरंय, लिहीन. महाडने काय काय बघितलंय ते इथल्या वाचकांना मी सांगायला नको. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला आणि त्यासोबत दोन एसट्या गेल्या. 22 जुलै 2021 ला तळियेवर डोंगर आला, 80 हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात महाड शहर पाण्यात होतं. बाजारपेठेत आम्ही जिथं जेवलो, तिथल्या मालकांनी भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली, माझ्या डोक्याच्या वर. त्यामुळे अलर्टच्या दिवशी घाट बंद करू नका असं मी म्हणतच नाही. त्या दिवशी बंदच ठेवा, कडक ठेवा.

माझा प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. आणि त्याहून जास्त, उरलेल्या आठ-नऊ कोरड्या महिन्यांचा.

घाट उतरताना आमचा चौथा मित्र सारखा गाडी थांबवायला लावत होता. तो पूर्वी रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर होता, त्यामुळे आम्ही दरी बघत होतो आणि तो गटार बघत होता. त्याने जे दाखवलं ते साधं आहे. सह्याद्रीचा दगड थराथरांचा. काळ्या बसाल्टच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातकट थराची पट्टी असते. पाणी फटींतून उतरतं आणि त्या पट्टीशी अडतं. पट्टी भिजून मऊ झाली की वरचा दगड सुटा होतो. रस्ता रुंद करायला डोंगर उभा कापला की पायथ्याचा आधार जातो, मग हे लवकर होतं. हा झाला वरच्या बाजूचा धोका. खालच्या बाजूचा याहून सोपा. डोंगराकडेचं गटार माती-दगडांनी बुजलं, मोरी तुंबली, की पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं आणि दरीकडची कड खालून पोखरतं. एका रात्री अर्धा रस्ता खाली. मग आपण म्हणतो, "घाट खचला."

मोरी तुंबलेली आम्हाला किती ठिकाणी दिसली हे मोजलं नाही, पण पाऊस उलटून गेल्यावरही गटारात तोच राडा होता, आणि काही वळणांवर कापलेल्या डोंगराचा मुरूम सरळ दरीकडेला ढकललेला. म्हणजे पुढच्या जूनमध्ये तो खालच्या कुणाच्या तरी शेतात. मित्र म्हणाला, "हे काम जेसीबी आणि आठ-दहा माणसांचं आहे. मे महिन्यात झालं पाहिजे. मे महिन्यात होत नाही म्हणून जूनमध्ये बंदी काढावी लागते."

(तळियेचा डोंगर रस्त्याने पडला असं मी म्हणत नाही, तो पाऊसच तसला होता. महाबळेश्वरला त्या वेळी 24 तासांत 590 मिलिमीटरच्या वर पडला होता. सगळ्याचं खापर एकाच गोष्टीवर फोडायची सवय आपल्याला लागलीय, ती बरी नव्हे.)

माथ्यावर वाघजाईचं देऊळ आहे आणि भज्यांच्या टपऱ्या. शेजारी कावळ्या किल्ला, ज्याच्या मधूनच रस्ता गेलाय. आज्जींनी देवीला हात जोडले, आम्ही कांदाभजी आणि चहा घेतला. टपरीवाल्या मावशींना सहज विचारलं, धंदा कसा आहे. त्यांचा सगळा सीझन जून ते सप्टेंबर, धबधबे आणि धुकं असतं तेव्हाचा. नेमका तेव्हाच रस्ता बंद. यंदा किती दिवस टपरी लावली, असं विचारलं तर त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि हसून सोडून दिलं.

पण इथंच आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. टपऱ्यांच्या मागं दरीत बाटल्यांचा खच पडलाय. बिअरच्या, पाण्याच्या. कुरकुऱ्यांची पाकिटं. वळणावर गाडी आडवी लावून रील काढणारी पोरं आमच्या देखत होती. माकडांना वेफर खायला घालून इतकं सोकावून ठेवलंय की एकाने मास्तरांच्या हातातलं भजंच पळवलं. (मास्तर दिवसभर तेवढ्यावरूनच चिडून होते.) पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी हीच गर्दी दहापट होते आणि मग पोलीसही म्हणतात, आपली माणसं किती आणि गाड्या किती, त्यापेक्षा बंद बरं. म्हणजे आपण शहरवाले चार तासांच्या मजेसाठी जातो, आपल्यामुळे बंदी सोपी होते, आणि ती भोगतात शिरगाव-वरंधची माणसं. आपल्याला काय, आपण पुढच्या रविवारी ताम्हिणीला जातो.

पर्यटक आणि स्थानिक यांना एकाच मापाने मोजणं थांबलं तर अर्धा प्रश्न सुटतो. कासचं उदाहरण साताऱ्याच्या इतकं जवळ आहे. तिथं हंगामात गाड्या अलीकडे थांबवतात, शुल्क घेतात, रोजच्या माणसांच्या संख्येला मर्यादा आहे, आणि हे सगळं भोवतालच्या गावांच्या समित्या वन विभागाबरोबर सांभाळतात. गावच्या पोरांना काम मिळतं. तिथंही भांडणं आहेत, तक्रारी आहेत, पण पठार सरसकट बंद करून कुणी मोकळं झालेलं नाही. वरंध्याला हे का जमू नये? पर्यटकाची गाडी पायथ्याशी अडवा, त्याच्याकडून पैसे घ्या, बाटली मोजून घ्या आणि मोजून परत मागा. पण आधार कार्डावर ज्याचं गाव या रस्त्यावरचं आहे, त्याला अलर्ट नसलेल्या दिवशी सोडा.

आणि एसटी. मोठी गाडी नको तर नको. बंदीच्या काळात भोरकडून माथ्याच्या अलीकडच्या शेवटच्या सुरक्षित गावापर्यंत आणि महाडकडून पायथ्यापर्यंत मिनी बस चालू ठेवली, तर मधला टप्पा उघडिपीच्या दिवशी एका जीपने जोडता येतो. दोन्ही टोकांना एक-एक जेसीबी, आणि वरच्या बाजूला एक रुग्णवाहिका, तीन महिन्यांसाठी. याला किती खर्च येईल मला ठाऊक नाही, पण सावित्रीचा पूल पडल्यावर नवा पूल सहा महिन्यांच्या आत बांधून वाहतुकीला खुला झाला होता, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुंबई-गोवा हायवे होता, म्हणून झालं. भोर-महाड रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा आहे म्हणे. दर्जा मिळाल्यावर काय बदललं, हे आज्जींना विचारायला गेलो असतो तर त्यांनी लाडवाचा डबा पुढं केला असता. केलाच. चौघांना एक-एक लाडू मिळाला, बाळंतिणीच्या वाटणीचा. नको नको म्हणलं तरी ऐकेनात.

वरंधला आज्जींना उतरवलं. लेक रस्त्यापर्यंत आली होती, कडेवर बाळ, डोक्याला कुंची, गालाला काजळाचा टिक्का. आम्हाला घरी चहाला चला म्हणाली, पण वेळ नव्हता. तिथून बिरवाडी, मग महाड. चवदार तळ्यावर गेलो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब ज्या पाण्याशी गेले ते पाणी. थोडा वेळ पायऱ्यांवर बसलो, मग बाजारात जेवलो, सुकट घेतली आणि साडेतीनला परत फिरलो. संध्याकाळी भोरला पुन्हा त्याच तांदळाच्या दुकानासमोर चहा पिताना दुकानदारांचं सकाळचं वाक्य आठवलं. खालचं गिऱ्हाईक. म्हणजे नुसतं गिऱ्हाईक नाही, सोयरीक, बाळंतपण, बारसं, माती, सगळंच.

तर "रस्ता कसा आहे?" याचं उत्तर: सध्या चालू आहे. बहुतेक ठिकाणी बरा, काही वळणांवर एकेरी, खचलेल्या कडांना ड्रम लावलेत. रात्री जाऊ नका. भजी खा, तिथल्याच मावशींकडून खा, आणि बाटली परत आणा.

आता भोर, महाड, पोलादपूरकडच्या मंडळींना एक विनंती. गेल्या पावसाळ्यात तुमच्या गावची एसटी कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बंद होती, आणि त्यात कुणाचं काय अडलं, हे खाली कमेंटमध्ये लिहा. शाळा, दवाखाना, बाजार, लग्न, जे असेल ते. नाव नको असेल तर मेसेज करा. मास्तर आणि मी मिळून गाववार यादी करतोय. सुपरवायझर मित्र तुंबलेल्या मोऱ्यांचे फोटो काढायला डिसेंबरात परत येणार आहे, कुणाला यायचं असेल तर गाडीत एक जागा आहे. यादी आणि फोटो लावून निवेदन जानेवारीत द्यायचं आहे, दोन्ही जिल्ह्यांत. जूनमध्ये देऊन उपयोग नाही, तेव्हा बॅरिकेडच येतात.